अमेरिकेतले सर्वाधिक कमावणारे करदाते: वर दरवर्षी तीच माणसं असतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या विषमतेवर वाद सुरू झाला की एक आकडा हमखास पुढे येतो: सगळ्यात जास्त कमावणाऱ्या ४०० करदात्यांच्या यादीत आलेल्यांपैकी ७१ टक्के लोक २३ वर्षांत फक्त एकदाच दिसले. एका बाजूला हा आकडा म्हणजे संधीचा पुरावा वाटतो, दुसऱ्या बाजूला ती हातचलाखी वाटते. आकडा खरा आहे. पण तो नेमकं काय मोजतो हे समजून न घेताच तो वापरला जातो, आणि त्याची मला मनापासून चिंता वाटते, कारण यातूनच पुढे कर कोणावर आणि किती लावायचा हे ठरतं.

हे ४०० करदाते कोण, आणि त्यांचे आकडे कुठून येतात?

अमेरिकेचं केंद्रीय करखातं म्हणजे आयआरएस. त्याच्या सांख्यिकी विभागाने १९९२ पासूनच्या प्रत्येक वर्षासाठी सर्वांत मोठं उत्पन्न दाखवणारी ४०० विवरणपत्रं बाजूला काढली आणि त्यांची एकत्रित माहिती प्रसिद्ध केली. पहिला अहवाल २००३ मध्ये आला, शेवटचा २०१४ च्या उत्पन्नावर होता. त्यानंतर ही मालिका बंद झाली. तिच्या जागी वरच्या ०.००१ टक्क्यांची आकडेवारी येऊ लागली, ज्यात साधारण १,४०० विवरणपत्रं बसतात.

उत्पन्न म्हणजे इथे 'अ‍ॅडजस्टेड ग्रॉस इन्कम'. पगार, व्याज, लाभांश, धंद्याचा नफा आणि मालमत्ता विकून झालेला भांडवली नफा या सगळ्यांची बेरीज करायची आणि त्यातून कायद्याने ठरवलेल्या काही वजावटी काढायच्या. पती-पत्नींनी एकत्र विवरणपत्र भरलं असेल तर ते एकच धरलं जातं. २०१४ मध्ये एकूण विवरणपत्रं होती १४ कोटी ८० लाखांच्या पुढे. त्यातली ही ४००.

या यादीत जायला किती उत्पन्न लागायचं?

१९९२ मध्ये २.४४ कोटी डॉलर. २००० मध्ये, डॉटकॉमच्या तेजीत, ८.६८ कोटी. २००७ मध्ये १३.८८ कोटी. मंदीनंतर २००९ मध्ये उंबरठा ७.७४ कोटींवर घसरला, आणि २०१४ मध्ये पुन्हा १२.६८ कोटींवर गेला. १९९२ ते २०१४ या काळात अमेरिकेत किमती पावणेदोन पटही वाढल्या नाहीत. हा उंबरठा मात्र पाच पटींहून जास्त उंच झाला.

शेअर बाजारासोबत उंबरठा कसा वरखाली होतो याकडे लक्ष द्या. पुढच्या जवळपास प्रत्येक उत्तराचं मूळ तिथेच आहे.

'टर्नओव्हर' म्हणजे इथे काय?

व्यापारातली उलाढाल नव्हे. या यादीवरच्या चर्चेत तो शब्द माणसांच्या ये-जा करण्यासाठी वापरला जातो: यंदा यादीत असलेल्यांपैकी पुढच्या वर्षी किती उरले, नवे किती आले. 'मोबिलिटी' हा त्याहून मोठा शब्द. त्यात माणूस उत्पन्नाच्या शिडीवर वर किंवा खाली किती सरकला हे येतं, मग तो शिडीच्या कुठल्याही पायरीवर असो.

२३ वर्षांत या ४०० जागांवर एकूण किती जण येऊन गेले?

४,५८४ करदाते. तीच माणसं कायम राहिली असती तर हा आकडा ४०० असता. दरवर्षी सगळी बदलली असती तर तो ९,२०० झाला असता. खरा आकडा या दोन टोकांच्या जवळपास मधोमध पडतो. त्यांतले ३,२६२ जण, म्हणजे ७१ टक्के, फक्त एकाच वर्षी दिसले. दहा किंवा त्याहून जास्त वर्षं दिसलेले जेमतेम ३ टक्के, साधारण १४० जण.

म्हणजे वर कोणी टिकतच नाही, असंच ना?

नाही. सगळ्यात मोठी गफलत इथेच होते, म्हणून हे उत्तर जरा सावकाश वाचा.

७१ टक्के हे प्रमाण माणसांचं आहे, जागांचं नाही. २३ वर्षांत एकूण जागा होत्या ९,२००. एकदाच आलेल्या ३,२६२ जणांनी प्रत्येकी एक जागा घेतली, म्हणजे एकूण जागांपैकी ३५ टक्के. उरलेल्या ५,९३८ जागा अवघ्या १,३२२ जणांनी वाटून घेतल्या, सरासरी प्रत्येकी साडेचार वर्षं. दहा किंवा जास्त वर्षं दिसलेल्या त्या १४० जणांकडेच किमान १,४०० जागा होत्या, म्हणजे १५ टक्के.

आता कुठलंही एक वर्ष घ्या आणि यादीवर बोट ठेवा. त्या ४०० पैकी सरासरी १४० च्या आसपास लोक एकदाच आलेले पाहुणे निघतील. बाकीचे २६० जण पुन्हा पुन्हा येणारे असतील. 'आलेल्यांपैकी ७१ टक्के एकदाच आले' आणि 'कुठल्याही वर्षी ६५ टक्के जागा पुन्हा येणाऱ्यांकडे असतात' ही दोन्ही वाक्यं एकाच तक्त्यातून निघतात आणि दोन्ही खरी आहेत. एकच वाक्य सांगून थांबणारा माणूस खोटं बोलत नसेल, पण वाचणाऱ्याची दिशाभूल नक्की होते.

'दरवर्षी ४०० पैकी ७१ टक्के बदलतात' असंही बरेचदा लिहिलेलं आढळतं. ते सरळ चूक आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. मोजणी १९९२ ला सुरू होते आणि २०१४ ला थांबते. जो १९९१ आणि १९९२ अशी दोन्ही वर्षं वर होता, तो या हिशेबात 'एकदाच' आलेला ठरतो. दुसऱ्या टोकालाही तेच. त्यामुळे एकदाच येणाऱ्यांची संख्या थोडी फुगलेलीच दिसणार.

जे एकदाच येतात ते नेमके कशामुळे येतात?

बहुतेकदा काहीतरी विकल्यामुळे. १९९२ मध्ये या ४०० जणांच्या उत्पन्नात पगाराचा वाटा साधारण एक चतुर्थांश होता. २००७ मध्ये तो साडेसहा टक्क्यांच्या आसपास आला, आणि भांडवली नफ्याचा वाटा जवळपास दोन तृतीयांश झाला. इतक्या उंचीवर महिन्याच्या पगाराने क्वचितच कोणी पोचतं.

अमेरिकेचा कायदा मालमत्तेच्या वाढलेल्या किमतीवर दरवर्षी कर घेत नाही, विकल्यावर घेतो. एखाद्या बाईंनी तीस वर्षं खपून कंपनी उभी केली असं समजा. या तीस वर्षांत त्यांचं विवरणपत्र साधारण सुस्थितीतल्या माणसासारखंच दिसेल. एकतिसाव्या वर्षी कंपनी २० कोटी डॉलरला विकली की तीस वर्षांची वाढ एकाच वर्षाच्या उत्पन्नात येऊन पडते. त्या वर्षी बाई ४०० मध्ये. पुढच्या वर्षी, कर भागवून उरलेल्या रकमेवर वर्षाला ४ टक्के मिळाले तरी उत्पन्न ६० लाख डॉलरच्या घरात. २०१४ च्या उंबरठ्याच्या मानाने हे काहीच नाही, म्हणून बाई यादीबाहेर.

आकडेवारीत त्या आधी वेगाने 'वर चढल्या' आणि मग वेगाने 'खाली कोसळल्या'. प्रत्यक्षात त्यांच्या आयुष्यात काय बदललं? आधी कागदावर असलेली संपत्ती रोकड झाली, एवढंच. आणि खाली म्हणजे तरी कुठे? २०१४ मध्ये वरच्या १ टक्क्यात जायला ४ लाख ६६ हजार डॉलर पुरत होते. ६० लाखवाल्या बाई त्याच्या बारा-तेरा पट वर आहेत.

४०० मधून बाहेर पडणं आणि श्रीमंतीतून बाहेर पडणं या दोन गोष्टींची गल्लत करू नका, असं मी ज्याला त्याला सांगत असतो.

काहींचं उत्पन्न खरोखरच कोसळतं ना?

कोसळतं, आणि तेही नाकारू नये. धंदा बुडतो, फंड तोट्यात जातो, खेळाडूची कारकीर्द संपते. शिवाय सगळं विक्रीमुळेच होतं असंही नाही. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये कायमस्वरूपी उत्पन्न आणि तात्पुरतं उत्पन्न असा फरक मांडला होता, तो इथे चपखल बसतो. कुठल्याही एका वर्षी सगळ्यात वर दिसणाऱ्यांमध्ये ज्यांचं ते वर्ष असाधारण चांगलं गेलं अशांची गर्दी असणारच. पुढचं वर्ष त्यांच्यासाठी बहुधा आधीच्यापेक्षा फिकं असणार. यादी जितकी चिमुकली, तितका हा परिणाम मोठा.

करदर बदलले की यादी बदलते का?

हो, आणि लगेच बदलते. २०१३ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरचा वरचा दर १५ वरून २० टक्के होणार आणि त्यावर गुंतवणुकीच्या उत्पन्नावरचा ३.८ टक्क्यांचा नवा कर येणार, हे आधीच दिसत होतं. ज्यांना विकायचंच होतं त्यांनी २०१२ संपण्याआधी विकून टाकलं. ४०० जणांचं सरासरी उत्पन्न २०१२ मध्ये ३३.५७ कोटी डॉलरवर गेलं आणि २०१३ मध्ये २६.४९ कोटींवर आलं. त्यांनी उत्पन्नाच्या प्रमाणात भरलेला सरासरी कर १६.७ टक्क्यांवरून २२.९ टक्क्यांवर गेला. १९८६ मध्येही असंच झालं होतं: १९८७ पासून दर २० चा २८ होणार म्हणताच १९८६ मध्ये विक्रीची झुंबड उडाली.

अशा वर्षी यादीत दिसणारे काही चेहरे केवळ तारखेमुळे तिथे असतात.

४०० सोडा. वरच्या १ टक्क्यात किती ये-जा होते?

गट जितका रुंद, तितकी ये-जा कमी. हा गणिताचा भाग आहे, मोठ्या खोलीतून बाहेर पडायला जास्त चालावं लागतं तसा.

अमेरिकेच्या ट्रेझरी विभागाने, म्हणजे अर्थखात्याने, २००७ मध्ये १९९६ आणि २००५ या दोन वर्षांची तुलना प्रसिद्ध केली. १९९६ मध्ये वरच्या १ टक्क्यात असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक २००५ मध्ये त्या गटात नव्हते. त्याहून वरच्या ०.०१ टक्क्यातले फक्त २५ टक्के टिकले होते. याच अभ्यासात तळाच्या पाचव्या हिश्श्यातले साधारण निम्मे लोक त्याहून वरच्या कुठल्या तरी हिश्श्यात गेलेले दिसले.

करधोरणाचा अभ्यास करणाऱ्या टॅक्स फाउंडेशन या संस्थेने १९९९ ते २००७ मधल्या दशलक्षाधीश उत्पन्नांचा हिशेब केला. त्या नऊ वर्षांत किमान एकदा १० लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न दाखवणारे करदाते सुमारे ६ लाख ७५ हजार. त्यांतले निम्मे एकाच वर्षी तिथे होते. नऊही वर्षं होते फक्त ६ टक्के.

तिसरा अभ्यास मला सगळ्यात बोलका वाटतो. थॉमस हर्शल आणि मार्क रँक या संशोधकांनी २०१५ मध्ये, अनेक दशकं त्याच कुटुंबांचा माग ठेवणाऱ्या पाहणीच्या आधारे, आयुष्यभराचा हिशेब मांडला. वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत ११ टक्के अमेरिकनांनी निदान एक वर्ष वरच्या १ टक्क्यात काढलेलं असतं. सलग दहा वर्षं तिथे राहणारे मात्र ०.६ टक्के. दार बरंच उघडं आहे, हे पहिला आकडा सांगतो. आत बैठक मारून राहणं फार थोड्यांना जमतं, हे दुसरा सांगतो.

वरच्या १ टक्क्यात गुंतवणुकीवर बसून खाणारेच असतात का?

तसं दिसत नाही. स्मिथ, यागन, झिदार आणि झ्विक या चार अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दाखवलं की वरच्या १ टक्क्यात स्वतः धंदा चालवणाऱ्या मालकांचं प्रमाण मोठं आहे: डॉक्टर, वकील, सल्लागार, वाहनांचे विक्रेते. असा मालक निवृत्त झाला किंवा अचानक वारला की त्या कंपनीचा नफा साधारण तीन चतुर्थांशाने घसरतो. नफा भांडवलापेक्षा त्या माणसाच्या कामावर जास्त उभा होता, असा त्याचा अर्थ. अगदी टोकाच्या ४०० मध्ये चित्र वेगळं होतं, हे वर आलंच आहे.

इतकी ये-जा आहे, तर विषमतेची ओरड निरर्थक ठरत नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि तो रास्त आहे. ये-जा खरोखर वाढत असेल तर एका वर्षाच्या विषमतेचा चटका कमी होतो, कारण आज खाली असलेला उद्या वर असेल.

म्हणून पाहायचं ते एवढंच: ये-जा वाढली का? कोपचुक, सायेझ आणि साँग या अर्थशास्त्रज्ञांनी सामाजिक सुरक्षेच्या, म्हणजे सोशल सिक्युरिटीच्या, १९३७ पासूनच्या कमाईच्या नोंदी तपासून २०१० मध्ये उत्तर दिलं. वरच्या टोकाशी असलेली ये-जा दीर्घकाळ जवळजवळ स्थिर राहिली. १९७० च्या दशकापासून वार्षिक कमाई वरच्या टोकाला अधिकाधिक एकवटत गेली, ती वाढ ये-जा वाढल्यामुळे भरून निघाली नाही. एका वर्षाऐवजी अनेक वर्षांची सरासरी घेतली तरी वाढ तशीच दिसते. शिडीवर चढउताराचा वेग तोच राहिला आणि पायऱ्यांमधलं अंतर वाढत गेलं. तेव्हा 'ये-जा आहे, म्हणून काळजी नको' हा निष्कर्ष या पुराव्यावर उभा राहत नाही. 'वर कायम तीच माणसं' हाही राहत नाही.

'वरच्या ४०० जणांचं उत्पन्न सात पटींनी वाढलं' हे वाक्य बरोबर आहे का?

गटाबद्दल बरोबर आहे: सरासरी १९९२ मध्ये ४.६८ कोटी डॉलर होती, २००७ मध्ये ३४.४८ कोटी. महागाई न वगळता सात पटींहून जास्त. पण हे दोन वर्षांतले ४०० बहुतांशी वेगळे लोक आहेत. 'या लोकांनी आपलं उत्पन्न सात पट केलं' असं वाचलंत तर ते चूक वाचन. ट्रेझरीच्या त्याच अभ्यासात १९९६ च्या सर्वांत वरच्या ०.०१ टक्क्यातल्या त्याच माणसांचं मध्यक उत्पन्न (निम्मे ज्याच्या वर आणि निम्मे ज्याच्या खाली असतात ते) २००५ पर्यंत घटलेलं होतं.

उत्पन्नाची यादी आणि अतिश्रीमंतांची यादी एकच का?

नाही. 'फोर्ब्स' हे मासिक १९८२ पासून ४०० सर्वांत श्रीमंत अमेरिकनांची यादी काढतं, ती संपत्तीची. संख्या तीच असल्यामुळे घोळ होतो. संपत्तीच्या यादीतली माणसं खूपच जास्त टिकतात, आणि त्यांतल्या अनेकांचं करपात्र उत्पन्न कित्येक वर्षं त्या मानाने अगदी लहान असतं. शेअर विकायचे नाहीत, गरज पडली तर ते तारण ठेवून कर्ज काढायचं. मालक वारला की वारसांसाठी मालमत्तेची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाइतकी धरली जाते, त्यामुळे हयातीतल्या वाढीवर उत्पन्नकर कधीच लागत नाही.

'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये फुटलेल्या करनोंदींच्या आधारे लिहिलं: २०१४ ते २०१८ मध्ये २५ सर्वांत श्रीमंतांची संपत्ती ४०१ अब्ज डॉलरनी वाढली आणि त्यांनी केंद्रीय उत्पन्नकर भरला १३.६ अब्ज, वाढीच्या ३.४ टक्के. याच बातमीनुसार इलॉन मस्क यांनी २०१८ मध्ये केंद्रीय उत्पन्नकर भरलाच नव्हता. २०२१ मध्ये शेअरचे पर्याय (ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचे हक्क) वापरून आणि शेअर विकून झाल्यावर आपण त्या वर्षासाठी ११ अब्ज डॉलरहून जास्त कर भरणार असल्याचं त्यांनीच जाहीर केलं. फक्त उत्पन्न पाहिलं तर त्यांनी तीन वर्षांत केवढी उडी मारली असं वाटेल. या तिन्ही वर्षांत ते अतिश्रीमंतच होते.

म्हणून माझं मत असं: वरच्या टोकाशी उत्पन्नाची ये-जा मोजताना शेजारी संपत्तीची ये-जा ठेवलीच पाहिजे.

आईवडिलांपेक्षा मुलं पुढे जातात का, हा प्रश्न यातच येतो का?

तो वेगळा आहे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९४० मध्ये जन्मलेल्या सुमारे ९० टक्के मुलांनी आईवडिलांपेक्षा जास्त कमावलं, आणि १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांवर आलं. वर्षागणिक ये-जा कितीही असली तरी हे त्यातून कळत नाही.

करधोरणासाठी याचं महत्त्व काय?

बरंच आहे. एक तर, चढता करदर एका वर्षाच्या उत्पन्नावर लागतो. दोघांची दहा वर्षांची कमाई सारखीच असली तरी जिची कमाई एका वर्षात एकवटली तिला जास्त कर पडू शकतो. अमेरिकेत १९६४ पासून अनेक वर्षांच्या सरासरीवर कर भरण्याची सोय होती. १९८६ च्या सुधारणेत ती काढली, आता अशी सोय फक्त शेतकरी आणि मच्छीमारांना आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२२ च्या सार्वमतानंतर १० लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर ४ टक्के जादा कर आणला, तेव्हा विरोधकांचा मुख्य मुद्दा हाच होता: आयुष्यात एकदा धंदा विकणारा 'कायमचा श्रीमंत' धरला जाईल. हा मुद्दा मला वजनदार वाटतो. पण त्याचं उत्तर कर रद्द करणं नसून सरासरीची सोय परत आणणं हे आहे.

दुसरं, महसूल हेलकावे खातो. २०२१ मध्ये वरच्या १ टक्क्याने देशाच्या केंद्रीय उत्पन्नकरातला ४५.८ टक्के वाटा भरला, २०२२ मध्ये ४०.४ टक्के. एका वर्षात बाजार पडला आणि एवढा फरक झाला. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचा उत्पन्नकर वरच्या थोड्या लोकांवर फार अवलंबून आहे, त्यांच्या अंदाजपत्रकात हा झटका दर मंदीत बसतो. तेजीच्या वर्षी आलेला पैसा कायमच्या खर्चाला जोडू नये, राखीव ठेवावा.

या ४०० जणांची नावं कळतात का?

नाही. करविवरणं कायद्याने गोपनीय आहेत आणि आयआरएस फक्त बेरजा देतं. १९२४ च्या कायद्याने कोणी किती कर भरला हे काही काळ लोकांसाठी खुलं केलं होतं, वर्तमानपत्रांनी याद्याच्या याद्या छापल्या, आणि १९२६ मध्ये ती तरतूद मागे घेतली गेली. 'प्रोपब्लिका'कडे माहिती पोचवणाऱ्या आयआरएसच्या कंत्राटी कर्मचाऱ्याला जानेवारी २०२४ मध्ये पाच वर्षांचा तुरुंगवास झाला.